औषधी आणि पूजेची झाडं लावताय? या चुका टाळा

मृग लागला की कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या हातात नर्सरीची काळी पिशवी दिसते. तुळस, गवती चहा, कोरफड, गुळवेल. विकणाऱ्याने जे नाव सांगितलं तेच झाड, असं लोक धरून चालतात आणि आठ दिवसांत त्याचा काढाही करून पितात. एवढी घाई मला बघवत नाही.

सगळ्यात महागात पडते ती गुळवेलीची गल्लत. कोरोनाच्या साथीत घरोघरी गुळवेल आली. आमच्या गल्लीतल्या एका काकांनीही कुंपणावर वेल चढवली होती. "वैनी, गावाकडनं आणलीया, अस्सल हाय," म्हणत त्यांनी मलाही फाटा देऊ केला. रोज सकाळी वाटीभर काढा, असा त्यांनी दीड महिना घेतला. मग जेवण जाईना, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी सगळ्यात आधी काढा बंद केला. काकांना पुन्हा हिंडूफिरू लागायला दोन महिने गेले. ते दवाखान्यात असताना मी ती वेल जवळून पाहिली. खोडभर चामखिळीसारख्या गाठी, आणि तोडल्यावर पांढरट चीक. ती गुळवेल नव्हतीच, तिच्या नात्यातली टिनोस्पोरा क्रिस्पा होती. फाटा हातात घेतला तेव्हाच नीट पाहिलं असतं तर, ही चुटपुट मला अजून आहे.

आयुष मंत्रालयानेही २०२२ मध्ये या दोन वेलींत गल्लत होते, असं सांगितलं होतं. खऱ्या गुळवेलीच्या खोडाला अशा गाठी नसतात, वरची साल कागदासारखी पातळ सुटते, खाली हिरवं खोड दिसतं आणि पांढरा चीक येत नाही. आणि वेल खरी निघाली तरी वैद्यांना विचारल्याशिवाय मी ती कुणाला देत नाही. यकृताचं दुखणं असलेल्याला तर नाहीच.

सदाफुलीची पानं साखरेसाठी चघळणाऱ्यांनो, कृपा करून थांबा. त्या झाडापासून कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टिनसारखी औषधं निघतात. तो चघळायचा पाला नव्हे.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी देवाला वाहा, पण लहान मुलं असतील त्या घरी लावू नका. दोन्ही विषारी आहेत.

कोरफडीचं पान कापल्यावर पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. मी पान पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवते, मग धुऊन गर काढते. तो चीक पोटात गेला की जुलाब होतात.

पानओव्याला ओव्याचे दाणे येत नाहीत, तो वेगळाच. त्याची भजी मात्र झकास.

गुलकंद बाजारातल्या हाराच्या गुलाबांचा करू नका. त्यांना वास नाही, वर फवारणी. घरचा गावठी, वासाचा गुलाब लावा आणि फुलं येईपर्यंत कळ काढा.

आता दवणा. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, आणि डोंगरावरून उतरताना त्या वासाने भारावलेले लोक घरी येऊन लगेच रोप शोधतात. उन्हाळ्यात लावतात, आषाढात ते कुजतं, मग "आमच्याकडं दवणा जगत नाही". जगतो की. दवणा थंडीचं पीक आहे, त्याला आपला पाऊस सोसत नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून मी कुंडीत निम्मी वाळू आणि थोडं जुनं शेणखत घालते. दिवाळी झाली की पेरते. बी धुळीसारखं बारीक, म्हणून मूठभर वाळूत कालवून भुरभुरते आणि वर माती जवळजवळ टाकतच नाही. पाणी झारीने, तेही थोडंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोरा येतो, खरा वास तेव्हाचा. तोवर शेंडे खुडायचे नाहीत, नातवंडांनी मागितले तरी. मग चैत्रात जोतिबाला जाताना घरचीच जुडी असते.