पडलेल्या झाडातून शिल्प घडवताय? या चुका टाळा

वादळात कोसळलेल्या झाडाचा ओंडका फुकट मिळाला की हात शिवशिवतात. माझं पहिलं घुबड मी ओल्या ओंडक्यातच कोरलं. तीन आठवड्यांत ते दुभंगलं, नेमकं दोन डोळ्यांच्या मधोमध.

ओंडक्याच्या कापलेल्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा दहा ते पंधरा पट वेगाने निघून जातं. टोकं आधी आक्रसतात, आतलं लाकूड तसंच फुगलेलं राहतं, आणि तडा जातो. म्हणून ओंडका आणला त्याच दिवशी दोन्ही टोकांवर मेण किंवा जाड रंग चोपडा. फक्त टोकांवर! सगळीकडे रंग फासला तर ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. साल मात्र काढाच, किडे तिच्याखालीच लपतात.

तरीही अखंड गोल ओंडका तडकणारच. वाळताना लाकूड वर्तुळांच्या दिशेने जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते मध्याकडून सालीकडे आक्रसतं. हा ताण कुठेतरी फुटतोच. त्यामुळे वर्तुळं जिथून सुरू होतात तो मधला ठिपका शिल्पात ठेवू नका, ओंडका त्यातूनच उभा चिरा. अखंडच हवा असेल तर जुन्या जपानी मूर्तिकारांची युक्ती करा: आतून पोकळ करा, किंवा पाठीला मुद्दाम खोल चीर द्या, म्हणजे तडा चेहऱ्याऐवजी तिथे जातो.

वाळायला किती वेळ? २५ मिलिमीटर जाडीला एक वर्ष, हा ढोबळ हिशेब. त्यापेक्षा मी काट्यावर विश्वास ठेवतो. दर आठवड्याला वजन करा; ते उतरायचं थांबलं की पटाशी उचला. मधल्या काळात पडलेल्या चिरेत भुसा आणि गोंद भरू नका. दमट हवेत लाकूड फुगलं की ते भरण पाचरीसारखं काम करतं.

जुन्या तुळया, चौकटी यांची गोष्ट वेगळी. निळसर काळा डाग दिसला तर आत बहुधा खिळा आहे. लोहचुंबक फिरवा, पण पितळ त्याला सापडत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका. हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड मी घेतच नाही. त्यात आर्सेनिक असू शकतं, ढलप्या जाळणंही धोक्याचं.

बारीक भोकांखाली ताजी पूड पडत असेल तर किडा जिवंत आहे. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं मिळालं तर तो मरतो.

शेवटी अळशीचं तेल लावलंत, तर चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.