टंचाईच्या दिवसांत दान कसे करावे

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ओव्हरटाइम बंद होतो, लासलगावला कांद्याचा भाव कोसळतो किंवा ऐन काढणीच्या तोंडावर गारपीट द्राक्षबागा झोडपून जाते, तेव्हा आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या पुष्कळ घरांत पहिली कात्री दानाला लागते. हे समजण्यासारखे आहे. परंतु बायबलमधील, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल ज्या मासेदोनियातील मंडळ्यांचा दाखला देतो, त्या कमालीच्या दारिद्र्यात असूनही यहूदियातील गरजू भावंडांच्या मदतीत आपलाही वाटा घ्यावा, अशी विनंती स्वतःहून करत होत्या.

दानाची रक्कम महिनाअखेरीच्या शिलकेतून ठरवू नये, कारण टंचाईत शिल्लक उरतच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे, असे पौलाने सांगितले आहे (१ करिंथ १६:२). म्हणून पगार किंवा मजुरी हातात येताच एक पाकीट वेगळे करावे, मग त्यात ५० रुपये का असेनात. मात्र कर्ज काढून किंवा घरातल्या आजाऱ्याचे औषध थांबवून देऊ नये. जवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेले देवाला मान्य होते, नाही त्याप्रमाणे नव्हे, हेही पौलच सांगतो (२ करिंथ ८:१२).

खरी कसोटी देण्याच्या रीतीत आहे. ज्याचे काम सुटले तो बहुधा हात पसरत नाही, तो उपासनेला येणेच थांबवतो. म्हणून रविवारी कोणाचे बाक रिकामे दिसले, याकडे लक्ष ठेवावे आणि त्याच आठवड्यात त्या घरी चहाला जावे. नाशिकरोडच्या एका किराणा दुकानात मी अशाच एका कुटुंबाची उधारी भरली, तेव्हा दुकानदाराने वहीतल्या त्या पानावर तिरपी रेघ मारून नाव काय सांगू, असे विचारले. ‘घरातल्याच माणसाने भरले’ एवढेच सांगा, असे मी म्हणालो. त्या घरातल्या बाई आजही माझ्याशी मान वर करून बोलतात, आणि उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, या प्रभू येशूच्या आज्ञेतली माया मला तेव्हा उमगली. कोणी उसने मागितले, तर ते परत येणार नाही असे मनाशी धरूनच द्यावे, आणि तेवढी ऐपत नसेल तर कमी द्यावे.

बागाईतदारांसाठी शास्त्रात फार स्पष्ट सूचना आहे. द्राक्षमळा निपटून खुडू नये, गळालेली फळे गरीब व परक्यांसाठी राहू द्यावीत, असे बायबलमधील लेवीय या पुस्तकात (१९:१०) म्हटले आहे. आपल्याकडे हे परके म्हणजे पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला येणारे मजूर. त्यांना उरलेले घड घरी नेऊ द्यावेतच, पण भाव पडलेला असला तरी ठरलेली मजुरी, बायबलमधील ‘अनुवाद’ हे पुस्तक (२४:१५) सांगते त्याप्रमाणे, सूर्य मावळण्याआधी त्यांच्या हातावर ठेवावी. व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत त्यांना थांबवू नये.