पुण्यात झेब्रा लोच पाळताना

झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, हा सह्याद्रीतल्या नद्यांचा मासा. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त. महाग असला तरी भरल्या पोटाचे, ठळक पट्ट्यांचे निदान पाच-सहा एकदम घ्या. एकटा पडला की दिवसभर दगडाआड दडून बसतो.

टाकी किमान तीन फुटी, महिनाभर आधीपासून फिल्टरसह चालू असलेली, घट्ट झाकणाची. तळाला बारीक वाळू. धारदार खडीने मिशा झिजतात. पाणी २३ ते २६ अंश, त्यामुळे पुण्याच्या डिसेंबरात हीटर हवाच. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला, नळाचं असेल तर त्यातला क्लोरीन घालवून. बोअरचं पाणी फार जड असेल तर आरओचं मिसळा.

मासा पकडायला जाळी मात्र वापरू नका. डोळ्याखाली उघडमीट होणारा काटा असतो. तो जाळीत रुततो आणि सोडवताना डोळ्यालाच इजा होते. प्लॅस्टिकचा डबा तिरका धरा, मासा हळूच आत हाकला.

पांढरे ठिपके आले तर औषध अर्ध्या मात्रेने सुरू करा, कारण यांचे खवले अगदी बारीक. तापमान हळूहळू ३० वर न्या, हवेचा पंप वाढवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो. भरपूर खाऊनही पाठ सुकत चालली तर बहुधा जंत, त्यावर लेव्हामिसोल हे जंताचं औषध.