समुद्र कसाऱ्यापलीकडे, काम अंबडमध्ये

"दादा, सरकारनं जहाजं बांधायला एवढे हजार कोटी काढलेत, मग आपल्याकडं भरती कधी?"

आयटीआयचा निकाल लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे. आमच्याकडं जहाजांसाठी ब्रॅकेट, पाइप सपोर्ट असली किरकोळ दिसणारी कामं होतात. मी सातपूर आयटीआयचा फिटर, मग मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणीच्या यार्डात अप्रेंटिस, मग परत नाशिक. सांगतोय ते या वाटेपुरतंच.

आधी त्या हजार कोटींचा घोळ. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं, तोच आकडा पोरांच्या तोंडी असतो. पण ते बंदरं आणि जहाज वाहतुकीच्या मंत्रालयाचं, त्याचा जोर व्यापारी जहाजांवर. नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांचा पैसा संरक्षण खात्याच्या भांडवली खर्चातून, एकेका कराराने येतो. जानेवारी २०२४ मध्ये तटरक्षक दलासाठी १४ वेगवान गस्ती नौकांचा करार माझगाव डॉकशी झाला. रक्कम सुमारे १,०७० कोटी, म्हणजे नौकेमागे साधारण ७६ कोटी. मुदत ६३ महिने. सव्वापाच वर्षं! आणि ही रक्कमही बांधणी जशी पुढं सरकते तशी टप्प्याटप्प्यानं सुटते. सही झाली की डिझाइन, मग पोलाद, मग कटिंग, आणि मग कुठं आमच्यासारख्याच्या दारात चौकशी येते. पेपरातली बातमी वाचून बायोडेटा घेऊन धावलात तर वर्ष-दीड वर्ष लवकर पोचाल.

लहान शेडला युद्धनौकेपेक्षा तटरक्षक दलाचं काम परवडतं, असं माझं मत. एका डिझाइनच्या चौदा नौका म्हटल्यावर तिसऱ्या-चौथ्या नौकेला हात बसतो, जिग, म्हणजे तुकडे मापात धरून ठेवायचा साचा, बनवल्याचा खर्च निघतो. मान मात्र युद्धनौकेचाच मोठा. १५ जानेवारी २०२५ ला सुरत, निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी, तिन्ही माझगावच्या, एकाच दिवशी मुंबईत नौदलात दाखल झाल्या, तेव्हा आमच्या शेठनं पेढे वाटले होते. त्या तिघींत आमचा एक नटसुद्धा नव्हता. पेढे तरीही वाटले.

आता अप्रेंटिसशिपचं. माझगाव डॉकच्या ट्रेड अप्रेंटिससाठी आठवी, दहावी आणि आयटीआय पास असे वेगवेगळे गट असतात. आधी परीक्षा, मग कागदपत्रं, मग मेडिकल. आपली पोरं फिटर, इलेक्ट्रिशियनच्या पुढं बघत नाहीत. यादीत स्ट्रक्चरल फिटर, पाइप फिटर, वेल्डर, रिगर (जड वजनं दोरखंड-साखळ्यांनी उचलणारा) असतात. जहाज म्हणजे शेवटी पोलादाचे ब्लॉक आणि त्यांच्या पोटातून गेलेले मैलोगणती पाइप, तेव्हा तिकडं बघा. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का, ते आजच तपासा. माझ्या एका मित्राचं "रावसाहेब" एकीकडं जोडून आणि दुसरीकडं तोडून होतं, त्यात त्याचे पंधरा दिवस गेले. आणि अप्रेंटिस म्हणजे कायम नोकरी नव्हे, हे घरी आधीच सांगून ठेवा.

अप्रेंटिस असताना मी आत्याकडं कल्याणला राहायचो. पहिल्या महिन्यात कामापेक्षा लोकलनंच जास्त दमवलं. खरी परीक्षा झाली ती जहाजाच्या तळातल्या टाकीत. मॅनहोलमधून आधी हात, मग डोकं, मग खांदे वळवून आत जायचं. आत उभं राहता येत नाही. आपला हातोडा आपल्याच कानात वाजतो. आतली हवा तपासल्याशिवाय जायचं नाही आणि मॅनहोलवर बाहेर एक माणूस बसलेला पाहिजेच, हे पहिल्या दिवशी शिकवतात. दमलो की मीच तो नियम विसरायला बघायचो. बंद जागेचा त्रास होत असेल तर लपवू नका, बाहेरची कामंही भरपूर असतात. मोबाइलचं तर सांगायलाच नको. गेटच्या आत फोटो, रील काहीही काढायचं नाही. गेटपास गेला की वर्षाची मेहनत गेली.

नाशिकचा कारखानदार वाढला गाड्यांच्या पार्टवर. पाच हजार नग, एकच ड्रॉइंग, मिनिटाला किती पडले ते मोजायचं. जहाजाचं काम उलटं. सहा नग आणि साठ कागद. ते कागद म्हणजे क्लार्कचं काम, असं मलाही वाटायचं.

परत आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी ती चूक केली. प्लेटच्या एका कोपऱ्यावर हीट नंबर असतो. पोलाद भट्टीतल्या कुठल्या ओतातून आलं त्याचा नंबर, आणि पोलाद कारखान्याच्या सर्टिफिकेटवरही तोच. कापण्याआधी हा नंबर प्रत्येक तुकड्यावर पंचानं, म्हणजे आकड्याच्या ठशावर हातोडी मारून, उतरवायचा, तपासनिसाला दाखवायचा, मगच गॅस पेटवायचा. त्या दिवशी घाई होती. मी कटरला म्हणालो, "तू काप, मी जेवून येऊन मारतो नंबर." येईपर्यंत नंबरवाला कोपरा भंगाराच्या गाडीतून गेलेला. मागं राहिले अकरा तुकडे. पोलाद उत्तम, माप बरोबर, कडा साफ. मुंबईहून तपोवन एक्स्प्रेसनं आलेल्या तपासनिसानं ते नुसते उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "हे कोणाचे?" म्हणजे कुठल्या ओतातले. मला उत्तर नव्हतं. अकराही रिजेक्ट. शेठ ओरडले नाहीत, नवी प्लेट आणायला मलाच टेम्पोत बसवलं.

वेल्डर होणाऱ्यांना एवढंच सांगेन की टेबलावरचं वेल्डिंग सगळ्यांना येतं. उभं आणि डोक्यावरचं, म्हणजे ३जी, ४जी, आणि पाइपचं ६जी पक्कं करा. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड ओव्हनमधून काढून पावसाळ्यात उघडा ठेवलात तर तो ओल धरतो. जोड वरून चकचकीत दिसतो, तडा आतून जातो. इथं एक्स-रे काढतात, हे विसरू नका.

आणि ठेकेदार. यार्डात बरीच पोरं ठेकेदारामार्फतच लागतात, त्यात कमीपणा नाही. पण पीएफचा नंबर आणि पगाराची स्लिप पहिल्याच महिन्यात मागा. मी एकाकडं सहा आठवडे काम केलं, हाजिरी वहीत होती, पण पगाराच्या वेळी वहीच हरवली.

सध्या आमच्या बाकावर सोळा ब्रॅकेट नंबर मारून उभे आहेत. गुरुवारी तपासनीस येतोय. आमच्या पंचाच्या संचातला ८ झिजून ३ सारखा उमटायला लागलाय, तेव्हा त्याआधी नवा संच आणायचा आहे.