पॅरामिकोचं एक्झेक_कमांड वापरताना या चुका टाळा

हिंजवडी-खराडीत ऑटोमेशनच्या कामाला लागलेल्या फ्रेशरच्या हातात पायथनची पॅरामिको लायब्ररी (एसएसएचने दूरच्या सर्व्हरला जोडणारी) लवकरच येते. पुण्यात बसून मुंबईतल्या डेटा सेंटरच्या सर्व्हरवर कमांड चालवायची, तर एक्झेक_कमांड हे फंक्शन फार सोपं वाटतं. पण ते कमांड पाठवून लगेच मोकळं होतं, ती संपायची वाट बघत नाही. आपल्याला मिळतात एसटीडीइन (कमांडचं इनपुट), एसटीडीआउट (आउटपुट) आणि एसटीडीएरर (एररचे मेसेज). पायथनने एक्सेप्शन फेकलं नाही म्हणजे काम झालं, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

रात्रीच्या बॅकअपचंच घ्या. डेटाबेसची प्रत काढणाऱ्या मायएसक्यूएलडम्पचं आउटपुट पाइपने फाइल लहान करणाऱ्या जीझिपला दिलंय आणि खालच्या ओळीत ‘बॅकअप झाला’ असं प्रिंट केलंय. पासवर्ड बदलल्यामुळे डम्प फसला, तरी ते प्रिंट होणारच. बरं, तुम्ही चॅनलचं (कमांड ज्या जोडणीतून चालते तिचं) रिसीव्ह-एक्झिट-स्टेटस फंक्शन वापरून कमांडचा एक्झिट कोड तपासलात, तरी तो शून्यच, म्हणजे ‘यशस्वी’ येईल, कारण पाइपलाइनमध्ये शेल शेवटच्या कमांडचा कोड देतं आणि जीझिपचं काम व्यवस्थित झालेलं असतं. सर्व्हरवर फाइलही दिसते. फक्त ती २० बाइटची, आत काही नसलेली. बॅशमध्ये कमांडच्या आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ लावा, म्हणजे पाइपलाइनमधली कुठलीही कमांड फसली तरी ते कोडमध्ये दिसेल, मग कोड तपासा, आणि फाइलचा साइझही बघा. बॅकअपच्या बाबतीत एवढी काळजी घ्यायलाच हवी.

आता स्क्रिप्ट मध्येच अडकते त्याबद्दल. एक्झिट स्टेटस आधी मागितला आणि आउटपुट नंतर वाचायला घेतलं, तर छोट्या कमांडला काही होत नाही. आउटपुट मोठं असेल तर चॅनलची विंडो, म्हणजे न वाचलेला डेटा साठवायची जागा, भरते (पॅरामिकोत ती डीफॉल्ट २ एमबी असते). पलीकडची कमांड विंडोत जागा मोकळी होण्याची वाट बघते, तुमची स्क्रिप्ट कमांड संपण्याची. दोघंही तिथेच थांबतात. टेस्टिंगला हे सापडत नाही, प्रॉडक्शनच्या लॉगवर सापडतं. आधी आउटपुट वाचा, मग स्टेटस मागा. एसटीडीएररकडूनही बराच मजकूर येणार असेल, तर कमांडला २>&१ जोडून दोन्ही एकत्र वाचा.

एक्झेक_कमांडच्या टाइमआउट पॅरामीटरवरही विसंबून राहू नका. डेटा येण्याची किती वेळ वाट बघायची, एवढंच तो ठरवतो; कमांडने एकूण किती वेळ चालावं हे नाही. दर काही सेकंदांनी एखादी ओळ छापणारी कमांड रात्रभर चालू शकते. खरी मर्यादा हवी तर लिनक्सवर कमांडच्या आधी टाइमआउट ही कमांड लावा. वेळ संपली की १२४ कोड येतो.

एका कॉलमध्ये सीडी (फोल्डर बदलणं) आणि पुढच्या कॉलमध्ये त्या फोल्डरमधलं गिट पुल, हे चालत नाही. दर कॉलला नवं चॅनल, नवं शेल. दोन्ही && ने जोडून एकदाच पाठवा. हाताने लॉगिन केल्यावर चालणारी कमांड स्क्रिप्टमधून १२७ (कमांड सापडली नाही) देत असेल, तर बहुतेक वेळा पाथचा, म्हणजे शेल प्रोग्रॅम कुठे शोधतं याचा, प्रश्न असतो. इथे लॉगिन शेल नसतं, त्यामुळे प्रोफाइल फाइल वाचली जात नाही. उबुंटूची बॅशआरसी फाइलही शेल इंटरअ‍ॅक्टिव्ह नसेल तर सुरुवातीलाच परत फिरते. प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या, हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं) पासवर्ड मागून थांबत असेल तर ‘सुडो -एन’ वापरा, म्हणजे ताटकळत न बसता सरळ एरर येईल.

युजरने दिलेलं फाइलचं नाव एफ-स्ट्रिंगमध्ये तसंच घालू नका. त्यात अर्धविराम आला तर त्यापुढचा मजकूर सर्व्हरवर स्वतंत्र कमांड म्हणून चालतो. शलेक्स मॉड्यूलमधलं कोट फंक्शन हे टाळण्यासाठीच आहे.

आणि ऑटोअ‍ॅडपॉलिसी, म्हणजे अनोळखी सर्व्हरची ओळख पटवणारी की आपोआप स्वीकारणारी सेटिंग. कनेक्शन जमेना की लोक कुठूनतरी ती ओळ कॉपी करतात आणि ती प्रॉडक्शनपर्यंत जाते. अनोळखी सर्व्हरची की न बघता स्वीकारणं म्हणजे आपला पासवर्ड कुणाच्या हातात जातोय हे न तपासणं. पॅरामिको मुळात अशी की नाकारतं, ते तसंच राहू द्या. नवा सर्व्हर आला की त्याच्या कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी खूण) ज्याने तो सर्व्हर उभा केला त्याच्याकडून पडताळून घ्या, ती की नोन_होस्ट्स फाइलमध्ये टाका आणि स्क्रिप्टमध्ये लोड_सिस्टम_होस्ट_कीज लिहा.