‘सर’ म्हणजे नेमके काय? लहान शब्दाचा अर्थ असा ठरवावा

‘सर आली’ असे ऐकताच आपण वाळत घातलेले कपडे काढायला धावतो आणि ‘सर आले’ असे ऐकताच वर्गातली मुले गप्प होतात. शब्द तोच असूनही अर्थ बदलतो, तो केवळ क्रियापदाच्या शेवटच्या स्वरामुळे. म्हणून अनेकार्थी शब्द समोर आला की संदर्भावरून अंदाज बांधण्याआधी क्रियापद आणि विशेषण पाहावे, कारण नामाचे लिंग व वचन तेथेच उघड होते. मराठी नव्याने शिकणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

‘मोत्यांचा सर तुटला’ यातील सर पुल्लिंगी आहे, पावसाची सर स्त्रीलिंगी आहे आणि शिक्षकांसाठी आदरार्थी अनेकवचन येते. लिंग तरीही स्पष्ट होत नसेल, तर शब्दाला प्रत्यय लागल्यावर त्याचे सामान्यरूप काय होते ते तपासावे: पावसाच्या सरीने, मोत्यांच्या सराला, सरांनी. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. उसाच्या शेतातली सरी हा वेगळा शब्द आहे. ‘सरीत पाणी सोडले’ हे वाक्य शेतकऱ्याचे असते. पावसाच्या अनेक सरी येतात, शेतात मात्र सऱ्या पाडतात, त्यामुळे अनेकवचन करून पाहिले की शंका मिटते.

‘विकतच्या मसाल्याला घरच्या मसाल्याची सर येत नाही’ या वाक्यात सर म्हणजे बरोबरी. हाही शब्द स्त्रीलिंगीच असल्यामुळे लिंगाची कसोटी अपुरी पडते. तेथे ‘ला’ आणि ‘ची’ या प्रत्ययांनी जोडलेल्या दोन गोष्टींची तुलना दिसते का, हे पाहावे. ‘गड सर केला, मोहीम सर केली’ यात क्रियापद गड आणि मोहीम यांच्याप्रमाणे बदलते, म्हणजे सर येथे स्वतंत्र नाम नाही. ‘बाजूला सर’ हा सरणे या क्रियापदाचा आज्ञार्थ आहे, तर सरपंच, सरचिटणीस या शब्दांतला ‘सर’ फारसीतून आलेला असून त्याचा अर्थ मुख्य असा होतो.

हीच रीत इतर शब्दांनाही लागू पडते. माळावर गुरे चरतात, माळेत मणी ओवतात. विटाने मन उबगते, विटेने भिंत उभी राहते. ‘वेळ’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे: ‘बराच वेळ गेला’ यात कालावधी आहे, ‘गाडीची वेळ झाली’ यात ठरलेला क्षण आहे, आणि म्हणूनच थोड्या वेळाने येणारा माणूस वेळेवर आलेला असेलच असे नाही. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात नामापुढे पु., स्त्री., न. अशी खूण असते. अर्थ वाचण्याआधी ती वाचावी.

‘पाट’ मात्र जेवायला बसण्याचा असो, कालव्याचा असो वा पुनर्विवाहाचा, तिन्ही अर्थी पुल्लिंगीच राहतो. तेथे शेजारचे क्रियापदच अर्थ सांगते: पाट मांडतात, पाटाला पाणी सोडतात आणि पाट लावतात.