पडत्या बाजारात बिटकॉइन कसं साठवावं

बाजार पडला की लोकलच्या डब्यातले क्रिप्टोतज्ज्ञ एकदम गप्प होतात. साठवणाऱ्याचं काम तेव्हाच सुरू होतं. फक्त एक लक्षात घ्या: वर विकून खाली परत घेण्याचे जे डाव परदेशी व्हिडिओंत दाखवतात, ते आपल्या करनियमांत महागात पडतात. इथे साठवायचं म्हणजे घेत राहायचं, बस्स.

१. आधी रक्कम ठरवा, भाव नंतर बघा

नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला. 'निम्म्यावर आलाय, आता आणखी किती पडणार' म्हणत ३५ हजाराला सगळी पुंजी ओतणाऱ्याचेही पुढे निम्म्याहून जास्त गेले. घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. उरेल त्यातला जो भाग पूर्ण बुडाला तरी झोप उडणार नाही, तेवढाच या कामाचा.

२. त्याचे हप्ते पाडा

पगारानंतरची एक तारीख धरा आणि दर महिन्याला तेवढ्याच रुपयांचं घ्या. समजा, तीन महिन्यांत भाव ४० लाख, ३० लाख, २० लाख असा घसरला आणि तुम्ही दर वेळी ६,००० रुपये लावले. हातात येतात ०.००१५, ०.००२० आणि ०.००३०, म्हणजे एकूण ०.००६५ बिटकॉइन. शुल्क सोडलं तर सरासरी खरेदी पडली साधारण २७.७ लाखाला, तिन्ही भावांची सरासरी मात्र ३० लाख. भाव पडला की तेवढ्याच पैशात जास्त येतं, एवढाच यातला फायदा. तळ कुठे आहे ते यातून कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही.

हप्त्यातला तिसरा हिस्सा राखून ठेवायलाही हरकत नाही. मागच्या खरेदीपेक्षा भाव २० टक्के खाली गेला तरच तो वापरायचा. हा आकडा आजच वहीत लिहा. लाल स्क्रीनसमोर बसून ठरवलेले नियम टिकत नाहीत.

३. राखीव पैसा रुपयांतच ठेवा

इथे बरेच जण फसतात. 'यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) घेऊन बसू, भाव पडला की बिटकॉइन करू' हे सोयीचं वाटतं, पण एका कॉइनचं दुसरं कॉइन करणं हाही कायद्याच्या दृष्टीने व्यवहारच. जुलै २०२२ पासून अशा हस्तांतरावर १ टक्का टीडीएस आहे, आणि तो नफ्यावर नसून पूर्ण रकमेवर कापला जातो. आयकर विवरणपत्र भरताना तो परत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो. बँकेतले रुपये बरे.

४. कॉइन मोजकेच

नफ्यावर ३० टक्के कर आणि वर ४ टक्के सेस. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे एकात २० हजार कमावले आणि दुसऱ्यात तेवढेच घालवले, तर हाती शून्य आणि कर ६,२४० रुपये! मे २०२२ मध्ये ८० डॉलरच्या आसपासचा लुना नावाचा कॉइन आठवडाभरात कवडीमोल झाला. तिथे सरासरी खाली आणत बसलेल्यांच्या पदरी काय पडलं? पडलेलं प्रत्येक कॉइन 'स्वस्त' नसतं. माझं मत विचाराल तर हप्त्याने साठवायला बिटकॉइन, फार तर जोडीला इथेरियम. बाकीचं नशिबाचं खातं.

५. साठवलेलं सांभाळा

जिथून कॉइन घेता ते एक्स्चेंज फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा) नोंदलेलं आहे का ते बघा. पण नोंदणी म्हणजे विमा नव्हे: जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले. रक्कम मनाला लागण्याइतकी झाली की स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (कॉइनची किल्ली आपल्याच हातात ठेवणारं छोटं यंत्र) हलवा. आधी थोडं पाठवा, पोचल्याची खात्री करा, मगच बाकीचं.

सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट हरवलं तर कॉइन परत मिळवून देणारे शब्द, कागदावर लिहा. मोबाइलमध्ये फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका. २६ जुलैचा पूर पाहिलेल्या मुंबईत तो कागद तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको. प्रत एका लॉकरमध्ये ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.

प्रत्येक खरेदीची तारीख, रुपये आणि शुल्क एका शीटमध्ये टाका. पुढे विकाल तेव्हा करात वजावट मिळते ती फक्त खरेदी किमतीची, आणि एक्स्चेंज बंद पडलं तर तो हिशेब तुमच्याकडेच असायला हवा.